बर्फाला कंटाळून मुंबईला परतावं का? एका एसीवाल्याचा हिशेब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅनडातल्या एडमंटनला अकरा वर्षं झाली. ऑक्टोबरअखेर पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही, आणि यंदाच्या हिवाळ्यात तर सकाळी उठायचीच इच्छा होईना. म्हणून अंधेरी नाहीतर मुलुंडला फ्लॅट घेऊन परत यायचं मनात आहे. तुमचे मिस्टर म्हणतात, "मे महिन्यात मुंबईत आठ दिवस राहून दाखव, मग बोलू." आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की नुसत्या हवेसाठी एवढा संसार हलवणं हा वेडेपणा आहे का?

वेडेपणा नाही. असलाच तर मीही त्यातलाच. इमारतींच्या वातानुकूलनाची आखणी करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्यातली नऊ वर्षं कॅनडातल्याच विनिपेगला घरं नि शाळा तापवण्यात गेली, बाकीची मुंबईत त्याच थंड करण्यात. २००९ साली परत आलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं की आईचं वय झालंय, मुलीची शाळा बदलायची ही शेवटची संधी आहे. दोन्ही खरंच होतं. पण मला थंडी सोसवेना हे त्याहून खरं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. "थंडी वाजते म्हणून नोकरी सोडली" असं चारचौघांत म्हणायचं कसं?

तेव्हा माझं पारडं आधीच उबेकडे झुकलेलं आहे, हे धरून पुढचं वाचा.

तुम्ही दोघं तापमानाच्या आकड्यांवर भांडताय असं दिसतं. तिथले उणे तीस आणि इथले चौतीस. या आकड्यांवरून निर्णय घेऊ नका. आमच्या धंद्यात इमारतीचा हिशेब मांडताना पहिल्या ओळीत दोन आकडे लिहितात, बाहेर किती आणि आत किती. विनिपेगला बाहेर उणे ३३ धरायचे, आत २१. फरक ५४ अंशांचा. मुंबईत बाहेर ३५ धरले नि आत २४, तर फरक फक्त ११. भिंतीतून होणारी उष्णतेची ये-जा या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे भिंत तीच धरली तर तिथला भार इथल्या जवळजवळ पाचपट. म्हणून तिथे भिंतीत वीतभर ग्लासवूल भरतात, दुहेरी-तिहेरी काचा बसवतात, तळघरात फर्नेस ठेवतात. थंडीशी मारामारी घर करतं, तुम्ही आत बनियनवर चहा पीत बसता. मुंबईत अकरा अंशांसाठी कोण एवढा खर्च करणार? सहा इंची भिंत, एकेरी काच, वर पंखा. घरानं अंग काढून घेतलं की सगळा भार येतो शरीरावर.

आणि शरीराकडे उपाय एकच, घाम. बसल्या जागी माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. कातडी ३४ अंशांच्या आसपास आणि हवाही ३३, म्हणजे हवेला द्यायला काही उरतच नाही. उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, ही फार मोठी सोय आहे. मात्र तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकला, बंडीत मुरला, तो फुकट गेला.

मुंबईत तो वाळत नाही, एवढीच इथली अडचण. फ्रिजमधली बाटली मे महिन्यात टेबलावर ठेवा, दोन मिनिटांत तिच्याखाली पाण्याचं वर्तुळ उमटतं. हीच बाटली फेब्रुवारीत एडमंटनच्या स्वयंपाकघरात ठेवा, कोरडी ठणठणीत राहील. तिथे घाम येतो तो खिडकीच्या काचेला. हवा किती गार केली की तिच्यातलं पाणी सुटू लागतं, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. इथे मे-जूनमध्ये तो २५-२६ अंशांवर असतो. हवामानाच्या ॲपमध्ये तापमान बघण्याऐवजी हा आकडा बघायची सवय लावा. २० च्या खाली असेल तर पंख्याखाली सुख आहे. २४ च्या वर गेला की पंखा असूनही चिकचिक. नागपूरचा माणूस ४४ अंशांत कूलरवर भागवतो, माठातलं पाणीही त्याला गारेगार मिळतं. मुंबईत ३४ अंशांत कूलर लावलात तर खोलीचं न्हाणीघर होईल.

आता मिस्टरांच्या मे महिन्याबद्दल. त्यांनी महिना चुकीचा धरलाय. सांताक्रूझ वेधशाळेचा उच्चांक ४२.२ अंश आहे आणि तो १४ एप्रिल १९५२ चा. मार्च महिन्याचा उच्चांक ४१.७, तो २८ मार्च १९५६ चा. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून कोरडा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही आणि पारा चढतो. मे महिन्यात समुद्राचा वारा बऱ्यापैकी नेमानं येतो, कमाल तापमान ३३-३४ च्या पुढे फारसं जात नाही. खरा जीव जातो तो दोनदा. एकदा पावसाच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत, ढग भरून येतात, पडत काही नाही, वाराही पडतो. पाऊस इथे यायची सरासरी तारीख ११ जून, पण तो तारीख बघून येत नाही. आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये, जमीन ओली, ऊन कडक, वाऱ्याचा पत्ता नाही. माझ्या घरी एसी सगळ्यात जास्त ऑक्टोबरात चालतो.

त्यांची आठ दिवसांची अटही अन्यायाची आहे. थंड देशातून आलेल्या शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर फुटू लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, छातीची धडधड उतरते. म्हणजे आठव्या दिवशी तुम्ही परीक्षेच्या मधोमध असाल आणि तेव्हाच पेपर ओढून घेतला जाईल. त्यात सुट्टीवर आलेली माणसं करतात काय, तर विमानतळावरून एसी गाडी, एसी घर, एसी मॉल. अशा पाहुण्याच्या शरीराला सवय व्हायला वाव कुठे मिळतो? चाचणीच करायची असेल तर तीन आठवड्यांची करा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून. रोज सकाळी भाजी आणायला पायी जा, घामाघूम व्हा, आणि एसी फक्त रात्री लावा. ऑक्टोबर निभावलात तर मे काही करत नाही. अर्थात रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, उकाड्यात काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या प्रश्नात खटकली. तुम्ही थंडीला नावं ठेवलीत, पण उदाहरण दिलंत ते सकाळी उठवत नसल्याचं. ते थंडीचं कमी नि अंधाराचं जास्त वाटतं. २१ डिसेंबरच्या सुमारास एडमंटनला दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. मुंबईतला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या जवळपास. हिवाळ्यातल्या या उदासीला १९८४ साली नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर आजाराचं नाव दिलं, तेव्हापासून प्रखर दिव्यासमोर बसवायचा उपचार चालतो. हल्ली सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात, लक्स म्हणजे उजेडाचं माप. तुमच्या तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असणार. घर विकायच्या आधी एक दिवा विकत घेऊन बघा. त्यानं बरं वाटलं तर निदान कळेल की परत यायचं कारण नेमकं कुठलं. आणि दिवा लावूनही काही हललं नाही तर मग माणसांची उणीव आहे की हवेची, हे तुम्हालाच तपासावं लागेल. त्यात माझ्या धंद्याचं ज्ञान उपयोगाचं नाही.

माझ्यापुरती कारणं क्षुल्लक होती. पहिल्या जानेवारीत गाडीचा इंजिन-हीटर लावायला पार्किंगमध्ये गेलो. तिथे खांबाखांबावर त्यासाठी सॉकेट असतात, नाहीतर सकाळी इंजिन सुरू होत नाही. वायर काठीसारखी ताठ झाली होती, जिकडे वाकवावी तिकडून परत सरळ. प्लग बसेना म्हणून हातमोजा काढला. दोन मिनिटांत बोटं दुसऱ्या कुणाची तरी झाली. दुसरं, मुलगी तीन वर्षांची होती. सूट, बूट, टोपी, मफलर, हातमोजे चढवायला बारा मिनिटं, आणि दाराशी पोचलो की, "बाबा, शू." असं नऊ वर्षं कोण करणार? लोक म्हणतात, तिथे डास तरी नाहीत. विनिपेगचा जुलै त्यांनी पाहिलेला नसतो.

आता तुमच्या हातात खरोखर जे आहे त्याबद्दल, म्हणजे घर. मुंबईत सुख आणि काहिली यांतलं अंतर बऱ्याचदा एका भिंतीचं असतं.

मालाडच्या एका नव्या टॉवरमधलं गिऱ्हाईक. बेडरूममध्ये दीड टनाचा एसी, रात्रभर चालू, तरी खोली गार होईना. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गॅस भरून गेला होता, आता दोन टनाचा घ्या म्हणत होता. मी मुद्दाम रात्री नऊ वाजता गेलो. बंदुकीसारखं थर्मामीटर असतं, ते भिंतीवर रोखलं. आतल्या भिंती ३० दाखवत होत्या, पश्चिमेची ३९. सूर्य बुडून दोन तास होऊन गेले होते आणि पलंगाची उशी नेमकी त्या भिंतीला टेकलेली. दुपारभर काँक्रीटनं प्यायलेलं ऊन रात्री ती भिंत त्यांच्या डोक्यावर ओतत होती. बाहेरून झडप लावायला सोसायटी परवानगी देईना. आतून जाड पडदे होते, पण काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर आपटून खोलीतच राहतं, त्याचा अर्धाच उपयोग. शेवटी पलंग समोरच्या भिंतीला नेला आणि पश्चिमेला कपाटांची रांग लावली, मध्ये तीन इंच फट ठेवून. एसी तोच आहे.

यामागचं गणित साधं आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैअखेर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात तर दुपारचा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. डिसेंबरात तिरपं, हवंहवंसं पडतं. मार खातात ती गच्ची, पूर्वेची भिंत आणि सर्वांत जास्त पश्चिमेची, कारण तिच्यावर ऊन येतं तेव्हा दिवसाची हवाही तापलेली असते. वास्तुवाले दक्षिणेचं घर टाळतात. त्यांचं त्यांना लखलाभ, तुम्ही ते आधी बघा.

पण मुंबईची गोम अशी की उन्हाळ्यात वाराही पश्चिमेकडूनच येतो. पश्चिम बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आलं. जुन्या बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. गिरगावच्या चाळीची लांब गॅलरी गप्पा मारायला बरी, पण तिचं मोठं काम भिंतीवर सावली धरायचं. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे दिसतात, तेही शोभेपुरते नाहीत, ऊन नि पाऊस अडवून वारा आत घ्यायची ती युक्ती आहे. २०१८ पासून त्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि आपण उपनगरांत छज्जा काढून सपाट काच लावतोय. पश्चिमेला छज्जा किंवा खोल गॅलरी, आणि समोरासमोर खिडक्या म्हणजे आरपार वारा, एवढं मिळालं तर संगमरवर नसला तरी चालेल. सर्वांत वरचा मजला घ्यायचाच असेल तर गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवलेत का ते चढून बघा. काळं डांबरी वॉटरप्रूफिंग उघडं असेल तर खाली उतरा आणि दुसरा फ्लॅट बघा.

खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणजे डासांसाठी जाळी आली, रस्त्याचा आवाज आला, समोरच्या बांधकामाची धूळ आली. उबदार हवेतलं सुख शांत गल्लीत असलेल्याला स्वस्त पडतं, हायवेलगत राहणाऱ्याला खिडकी लावून एसीत बसावं लागतं. आणि माझं उबेचं कौतुक पंख्याखाली बसून चाललंय, दुपारी स्लॅब भरणाऱ्या माणसाला ते ऐकवायची माझी हिंमत नाही.

एसीबद्दल थोडक्यात. मोठा घेतला की बरं, हा समज सोडा. गरजेपेक्षा मोठा एसी हवा पटकन गार करतो आणि थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग २० अंशांतही अंग ओलसर. बेताचा एसी, २४ वर, वर पंखा मंद. २०२० पासून नवे एसी सुरू होतात तेच २४ वर, ते उगाच नाही. जाता जाता, एसीचा टन हे वजन नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तो एक टन. १८३० च्या दशकात बोस्टनकडच्या तळ्यांवरचा बर्फ करवतीनं कापून, भुशात गुंडाळून जहाजानं मुंबईला यायचा. तुम्ही फावड्यानं ज्याला रस्त्याकडेला लोटता, तो माल इथले शेठ लोक पैसे मोजून घेत होते.

आता ज्या दोन गोष्टींबद्दल परतणारे लोक नंतर मला फोन करतात, त्या आधीच सांगतो.

पहिली, पावसाळा. जून ते सप्टेंबर तापमान छान असतं, पण घर ओलं. वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. कातडी पट्ट्यावर, चपलांवर, पुस्तकांच्या कण्यावर पांढरी बुरशी चढते. त्या मालाडवाल्यांच्या कपाटामागे तीन इंच फट ठेवायला सांगितली ती याचसाठी, नाहीतर उन्हाळ्यात कमावलेलं पावसाळ्यात गेलं असतं. विनिपेगला आम्ही हिवाळ्यात घरात ह्युमिडिफायर लावून हवेत पाणी सोडायचो, कारण कोरड्या हवेनं मुलीच्या नाकातून रक्त यायचं. इथे त्याच पैशांत पाणी काढायचं यंत्र घेतलं. घरात कुणाला दमा असेल तर ही बाब उन्हाळ्यापेक्षा गंभीरपणे घ्या, बुरशीनं तो उसळतो. फ्लॅट शक्यतो जुलैत बघा, भिंतीच्या कोपऱ्यातले फुगवटे रंगाखाली लपत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. तुम्ही ज्या महिन्यांसाठी परत याल, डिसेंबर-जानेवारीचे, पहाटे शाल लागते असे, तेच आता श्वासाला वाईट झालेत. थंडीत वारा मंदावतो आणि बांधकामाची धूळ नि धूर शहरावर बसून राहतात. मी २००९ साली आलो तेव्हा जानेवारीत पहाटे फिरायला जायचो. आता ॲप बघून जातो, कधी कधी जातच नाही.

अंधेरी की मुलुंड? हवेपुरतं बोलायचं तर अंधेरी पश्चिमेला समुद्राचा वारा लवकर पोचतो, दुपार सुसह्य होते, पण खारट हवेनं एसीची कॉइल नि ग्रिल गंजतात. मुलुंडला वारा उशिरा आणि दमून पोचतो, एप्रिलची दुपार दोन-तीन अंशांनी कडक. पण राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर जवळ असल्यानं हिवाळ्यात रात्री उतरलेला गारवा टिकतो, चादर खरोखर लागते. तुम्ही दिवसभर ऑफिसात असाल तर मुलुंड, घरून काम असेल तर अंधेरी. हे निव्वळ हवेचं मत. लोकलचा प्रवास, आईवडील कुठे आहेत, भाव काय चाललाय, यांनी ते सहज उलटेल, आणि उलटू द्यावं.

घेण्याआधी वर्षभर भाड्यानं राहा. भाडं वाया गेलं असं वाटेल, पण चारी ऋतू एका घरात काढल्याशिवाय हे कळत नाही.

फ्लॅट दाखवायला एजंट सकाळी अकराला बोलावेल. त्याला हो म्हणा, आणि संध्याकाळी सातला पुन्हा एकदा जा. पंखे, दिवे बंद करायला सांगा, खिडक्या उघडा, पाच मिनिटं नुसते उभे राहा. मग बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवा. आणि दोन-तीन फ्लॅट पक्के झाले की त्यांचे नकाशे उत्तर दिशा दाखवून इथेच टाका, पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते सांगतो.